नफ्याचा आराखडा आणि न मोजलेले श्रम

१

शेती हा धंदा समजून करा, असा उपदेश शेतकऱ्याला गेली कित्येक वर्षे केला जात आहे. पूर्वी तो कृषिप्रदर्शनातील फलकांवर आणि आकाशवाणीच्या शेतीविषयक कार्यक्रमांत असे. आता तो तालुक्याच्या ठिकाणी भरणाऱ्या कार्यशाळांतून केला जातो. परभणी जिल्ह्यात कृषी विभाग आहे, त्याची 'आत्मा' ही यंत्रणा आहे, १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे. २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जावर नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे लोकांच्या तोंडचा 'पोकरा', आला. त्यानंतर २०२० साली 'स्मार्ट' या नावाने ओळखला जाणारा कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्प आला. या सर्वांच्या प्रशिक्षणवर्गांत एक शब्द हटकून येतो, आणि तो म्हणजे 'व्यवसाय आराखडा'. गटाला अनुदान पाहिजे असेल, कंपनीला गोदाम पाहिजे असेल, बँकेचे कर्ज पाहिजे असेल, तर आधी आराखडा दाखवा, असा आता रिवाज आहे.

या आराखड्याकडे आपण कसे पाहावे? आपण म्हणजे ज्यांच्या आज्याने सालगडी म्हणून गुढीपाडव्याला वर्षाचा करार केला, ज्यांच्या आईने दुसऱ्याच्या रानात खुरपे चालवले आणि ज्यांच्यापैकी काहींच्या नावावर आज कसाबसा एक-दोन एकरांचा तुकडा आहे, ते लोक. आपल्यात दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक म्हणते, हे सारे जमीनवाल्यांचे चोचले. ज्याला जमीनच नाही त्याला नफ्याचे गणित कशाला? दुसरे म्हणते, सरकार शिकवते आहे तर मुकाट्याने शिकावे, प्रश्न विचारू नयेत. ही दोन्ही मते मला चुकीची वाटतात. आराखडा हे हिशेबाचे साधन आहे आणि ते आपल्या हाती आलेच पाहिजे. परंतु त्यात कोणते रकाने आहेत आणि कोणते नाहीत, हे तपासल्याशिवाय त्यातून निघालेला 'नफा' खरा मानता येत नाही. हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. जिंतूर तालुका डोळ्यांपुढे ठेवून मी तो लिहीत आहे.

जिंतूर तालुक्याची जमीन एकजिनसी नाही. एकीकडे काळी, ओल धरून ठेवणारी जमीन आहे, तर दुसरीकडे डोंगराच्या अंगाची हलकी, मुरमाड, बरड जमीन. तालुक्याच्या हद्दीत पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. १९६८ साली ते पूर्ण झाले. पण त्याचे पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जाते आणि तेथून कालव्यांत पडते. त्यामुळे मोठे ओलीत खालच्या तालुक्यांच्या वाट्याला आले. धरण उशाशी असूनही तालुक्यातील बहुसंख्य शेतकरी पावसावर सोयाबीन, कापूस, तूर घेतो आणि ओल राहिली तर हरभरा, ज्वारी. गावोगाव दलितांच्या वाट्याला जी जमीन आली ती बहुधा गायरानातली, म्हणजे ज्या जमिनीकडे पिकासाठी कोणी पाहिले नव्हते ती. एकाच कार्यशाळेत काळ्या रानाचा मालक आणि बरडावरचा गायरानधारक शेजारी बसतात, त्यांना एकाच नमुन्याचा कागद दिला जातो, आणि घोटाळ्याची सुरुवात तेथून होते.

२

प्रथम कार्यशाळेत काय शिकवतात ते नीट समजून घेऊ. कारण त्यातले बरेच काही शिकण्याजोगे आहे.

पहिली गोष्ट खर्चाची नोंद. शेतकरी बियाण्याच्या बॅगेची आणि खताच्या पोत्याची किंमत लक्षात ठेवतो. परंतु बारदाना, हमाली, फवारणीच्या पंपाची दुरुस्ती, बाजाराला जाण्याचे भाडे विसरतो. दुसरी गोष्ट, स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांतील फरक. बैलजोडी पीक आले तरी खाते, नाही आले तरी खाते. हा स्थिर खर्च. मळणी मात्र जेवढे क्विंटल तेवढीच. हा बदलता खर्च. तिसरी गोष्ट, ना नफा ना तोटा होईल तो भाव काढणे. एकूण खर्चाला अपेक्षित उत्पन्नाच्या क्विंटलांनी भागले की तो भाव मिळतो. त्याखाली माल विकला तर तोटा. चौथी गोष्ट, महिनावार रोख पैशाचा तक्ता. जूनमध्ये बियाणे-खत आणि मुलांच्या शाळेचा खर्च एकदमच येतो. पैसा मात्र दिवाळीच्या आसपास. मधल्या चार महिन्यांची खाच सावकाराच्या पैशाने भरायची की बचतगटाच्या, हे आधी ठरवावे, असे हा तक्ता सांगतो. पाचवी गोष्ट बाजार, म्हणजे कोणाला, केव्हा, कोठे विकायचे. आणि सहावी गोष्ट जोखीम. पाऊस, कीड आणि भाव या तीन जोखमी लिहून त्यांवर उपाय लिहायचे असतात.

आता हा हिशेब एका एकर सोयाबीनला लावून पाहू. पुढील आकडे कोणा एका शेतकऱ्याचे नाहीत. हिशेबाची रीत कळावी म्हणून धरलेले आहेत. वाचकाने त्या जागी आपले आकडे घालावेत. सोपेपणासाठी आंतरपिकातील तूर सोडून दिली आहे.

नांगरणी १,८०० रुपये, मोगडणी १,०००, बियाणे २,८००, खत १,८००, ट्रॅक्टरने पेरणी ८००, तणनाशक आणि दोन फवारण्यांची औषधे २,८००, बाहेरच्या मजुरांकडून काढणी ३,५००, मळणी १,८००, बारदाना, हमाली व वाहतूक ७००. ही बेरीज १७,००० रुपये होते. उत्पन्न सहा क्विंटल आणि भाव ४,२०० रुपये धरला तर हाती येतात २५,२००. वजाबाकी केली की ८,२०० रुपये उरतात. कार्यशाळेतील कागदावर 'निव्वळ नफा' या रकान्यात हाच आकडा लिहून बहुतेक शेतकरी घरी येतात.

पण या एकरात घरच्या माणसांनी जे काम केले ते कोठे गेले? समजा घरच्या पुरुषाने दहा दिवस आणि घरच्या बाईने चौदा दिवस काम केले. खुरपणी, फवारणीसाठी पाणी वाहणे, राखण, काढणीला हातभार, माल वाळवणे, हे सारे त्यात आले. पुरुषाची मजुरी रोज ४०० रुपये आणि बाईची २५० धरली, तर अनुक्रमे ४,००० आणि ३,५०० रुपये होतात. म्हणजे ८,२०० मधून ७,५०० वजा झाले. नफा उरला ७०० रुपये.

येथे थांबून आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. बाईचा रोज २५० का? समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ सालीच झाला. तरीही शेतमजुरीत बाईचा रोज पुरुषापेक्षा कमीच धरण्याची चाल आहे. तिचा रोजही ४०० धरला तर चौदा दिवसांचे ५,६०० होतात. घरचे श्रम ९,६०० रुपयांचे ठरतात आणि ७०० रुपयांच्या नफ्याच्या जागी १,४०० रुपयांचा तोटा दिसू लागतो. म्हणजे तो ७०० रुपयांचा नफा जमिनीतून आला नव्हता आणि शहाणपणातूनही आला नव्हता. बाईच्या रोजातून दिवसाला जे दीडशे रुपये कापले, त्या कापलेल्या २,१०० रुपयांचाच तो एक तुकडा होता. आणि ज्या घरात तिचे श्रम मुळीच धरले जात नाहीत, तेथे तर संपूर्ण 'नफा' हीच तिची आणि तिच्या नवऱ्याची न दिलेली मजुरी असते.

३

हा काही केवळ आपला तात्त्विक आग्रह नाही. केंद्र सरकारचा कृषिमूल्य आयोगही उत्पादनखर्च तीन पायऱ्यांनी मोजतो. प्रत्यक्ष खिशातून गेलेला खर्च ही पहिली पायरी. तिला 'ए-दोन' म्हणतात. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळवले की दुसरी पायरी होते. त्यापुढे स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज मिळवले की तिसरी, 'सी-दोन', होते. स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००६ साली हमीभाव उत्पादनखर्चाच्या किमान दीडपट असावा असे सुचवले. २०१८ पासून केंद्र सरकार दीडपट भाव दिल्याचे सांगते, पण ते दुसऱ्या पायरीच्या दीडपट आहे. शेतकरी संघटना तिसऱ्या पायरीच्या दीडपट मागतात. सगळा वाद या दोन पायऱ्यांमधला आहे.

आपल्या उदाहरणात पहिल्या पायरीचा खर्च क्विंटलला सुमारे २,८३३ रुपये येतो. घरचे श्रम चालू दराने धरले तर ४,०८३, बाईला समान रोज धरला तर ४,४३३. त्यात एकराचा ८,००० रुपये ठोका मिळवला तर ५,७६७. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा जाहीर हमीभाव ५,३२८ रुपये आहे. म्हणजे या उदाहरणातल्या शेतकऱ्याला हमीभाव पुरेपूर मिळाला तरी श्रम आणि जमीन या दोन्हींचे मोल भरून निघत नाही. आणि हमीभाव मिळायला माल ओलाव्याच्या अटीत बसला पाहिजे, खरेदी केंद्र सुरू झाले पाहिजे, नोंदणी झाली पाहिजे आणि पैसे येईपर्यंत थांबण्याची ऐपत पाहिजे. ज्याला दिवाळीपूर्वी उधारी फेडायची आहे तो आडतीवर जो भाव निघेल त्या भावाने माल घालतो.

एवढे गणित कार्यशाळेतून शिकून आलेला माणूस 'मी आळशी म्हणून गरीब' असे म्हणणार नाही. आपल्या गरिबीचा कोणता भाग आपल्या चुकीचा आणि कोणता भाग भावाच्या आणि मजुरीच्या रचनेचा, हे त्याला वेगळे करून दाखवता येईल. हिशेबाचे हे सामर्थ्य आपण ओळखले पाहिजे.

४

आता ज्याच्याकडे जमीनच नाही त्याचा विचार करू. तो एक तर ठोक्याने रान करतो किंवा बटईने. वरच्याच एकराचा ठोका ८,००० रुपये धरला तर ८,२०० मधून ठोका जाऊन २०० रुपये उरतात. नवराबायकोने मिळून चोवीस दिवस काम केले होते. दिवसाला आठ रुपये आणि काही पैसे पडले. बटईत खर्च निम्मा-निम्मा आणि माल निम्मा-निम्मा धरला, तर बटईदाराचा खर्च ८,५०० आणि वाटा १२,६०० होतो. उरतात ४,१०० रुपये. दिवसाला सुमारे १७० रुपये. ही रीत गावागणिक बदलते. कोठे बटईदारालाच जास्त खर्च सोसावा लागतो. पण दोन्ही हिशेबांत हा माणूस मजुरीवर गेला असता तर त्याला जास्त मिळाले असते असे दिसते.

मग तो बटई का करतो? कार्यशाळेतील तज्ज्ञ कदाचित म्हणतील की त्याला गणित येत नाही. तसे नाही. मजुरी वर्षाचे तीनशे दिवस मिळत नाही, हे त्याला माहीत आहे. बटईच्या रानात तुरीचे चार तास निघतात, घरची डाळ होते. जनावराला भुसकट होते. आणि कोणाच्या हाकेवर सकाळी उभे राहावे लागत नाही. या शेवटच्या गोष्टीला पैशात किंमत नाही. परंतु ज्याच्या मागच्या दोन पिढ्या सालदारीत गेल्या त्याला ती किंमत नीट कळते.

अशा माणसाला आराखड्यात जागा नाही, कारण त्याच्याजवळ सातबारा नाही. २०२१ पासून पिकाची नोंद मोबाईलवरच्या ई-पीक पाहणीत होते, ती खातेदाराच्या नावाने. शेतकरी सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपये खातेदाराला. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने हातातोंडाशी आलेले सोयाबीन पाण्यात गेले. त्याची मदतही सातबाऱ्याच्या मागे. रान ज्याने कसले, बियाणे ज्याने उधारीवर आणले, तो मात्र कागदावर कोठेच नसतो. नुकसान त्याचे आणि भरपाई मालकाची, असा हा न्याय आहे.

सातबारा आपल्या हाती का नाही, याला इतिहास आहे. जिंतूर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९५० साली तेथे कुळकायदा झाला. पण कुळ म्हणून हक्क सांगायला आधी कुळ असावे लागते. गावकीची कामे करणाऱ्या आणि सालाने राबणाऱ्या समाजाला तेवढीही पायरी बहुधा लाभली नव्हती. म्हणून जमिनीचा प्रश्न चळवळीला हाती घ्यावा लागला. १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मराठवाड्यात गायरानाचा लढा पुढे दीर्घकाळ चालला. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने तो गावपातळीवर नेला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची गायरानावरील वहिवाट नियमित करण्याचे ठरले. ठरले खरे, पण अनेक गावांत वहिवाट आहे आणि सातबारा नाही, ही स्थिती अद्याप संपलेली नाही.

२००४ साली दादासाहेबांच्याच नावाने सबलीकरण व स्वाभिमान योजना आली. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलीत जमीन देण्याची ही योजना. आधी ती निम्मे कर्ज, निम्मे अनुदान अशी होती. २०१८ पासून पूर्ण अनुदानाची झाली. अडचण अशी की सरकारने ठरवलेल्या कमाल दरात जमीन विकणारा सहसा मिळत नाही. २०१७ साली आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून विहीर, पंप, ठिबक मिळते. पण तिला पुन्हा सातबारा लागतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीच्या क्षेत्रापैकी अनुसूचित जातींकडील वाटा नऊ टक्क्यांच्याही आत होता. लोकसंख्येत हा वाटा २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेसोळा टक्क्यांच्या वर आहे.

५

'तुमचा तुकडा लहान आहे, म्हणून तोटा होतो. सगळे एकत्र या,' हे कार्यशाळेतील दुसरे आवडते वाक्य. या बाबतीत आपल्याला शंभर वर्षांहून जुना एक धडा उपलब्ध आहे. १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान धारणाक्षेत्रे आणि त्यांवरील उपाय या विषयावर इंग्रजीत निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा होता की जमीन किती एकर आहे एवढ्यावरून ती किफायतशीर आहे की नाही हे ठरत नाही. जमीन, भांडवल आणि श्रम यांचे परस्परांशी प्रमाण काय आहे, यावरून ते ठरते. अवजारे आणि भांडवल इतके अपुरे असेल, तर आहे ती जमीनसुद्धा त्या मानाने मोठीच ठरते, इथपर्यंत त्यांनी हा विचार नेला. शेतीवर जगणाऱ्या पण शेतीत काम न उरलेल्या श्रमशक्तीला उद्योगधंद्यात वाट मिळाली पाहिजे, हा त्यांचा उपाय होता. पुढे १९४७ साली राज्य आणि अल्पसंख्याक यांच्या हक्कांबाबत मांडणी करताना त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा आणि ती सामुदायिक पद्धतीने कसावी असे सुचवले. जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच त्यांना त्यातून घालवायचे होते.

या दृष्टीने पाहिले तर दोन एकरवाल्या दलित शेतकऱ्याचा आराखडा 'एकर वाढवा' येथून सुरू होत नाही. त्याच्या घरी काम करणारे हात किती, ते वर्षातले किती दिवस रिकामे, आणि त्या हातांना जोडायला भांडवल कोणते, येथून तो सुरू होतो. मराठवाड्याच्या कोरडवाहू भागातून दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. एका कोयत्याची उचल घेऊन नवराबायको बाहेर पडतात आणि उचल फिटली की नाही याचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. या रिकाम्या हातांचे काय करायचे, हा प्रश्न ज्या आराखड्यात नाही तो आराखडा आपल्या उपयोगाचा नाही.

वहीचा हा मुद्दा जुना आहे. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहिला, त्यात अडाणी शेतकरी लेखणीवाल्यांकडून कसा नागवला जातो हे त्यांनी विस्ताराने दाखवले. सावकाराची वही, कुलकर्ण्याचे दप्तर, आडत्याची पट्टी, मुकादमाची डायरी. आपल्या श्रमाचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या हस्ताक्षरात लिहिला गेला. म्हणून कार्यशाळेत मिळालेली कोरी वही मी क्षुल्लक मानत नाही. तीत आपल्या हाताने पहिली ओळ लिहिणारी बाई एक मोठे काम करते आहे, असेच मी समजतो.

६

एकत्र येण्याचा मार्ग आज बहुधा शेतकरी उत्पादक कंपनीतून जातो. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन या कंपन्यांना जागा मिळाली. किमान दहा उत्पादकांना अशी कंपनी काढता येते आणि भागभांडवल कितीही असो, सभासदाला मत सामान्यतः एकच. २०२० साली केंद्राने दहा हजार उत्पादक संघटनांची योजना आणली. तीत सपाट प्रदेशात किमान तीनशे सभासद लागतात. सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत आणि एकूण १५ लाखांपर्यंत जुळते भागभांडवल मिळते, आणि व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत.

यात आपल्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. कायद्यात 'उत्पादक' या शब्दाची व्याख्या जमिनीच्या मालकीवर बांधलेली नाही. प्राथमिक उत्पादनाशी संबंधित कोणतेही काम करणारा माणूस उत्पादक ठरू शकतो, आणि त्या उत्पादनात पशुपालनही येते. म्हणजे शेळ्या पाळणारी भूमिहीन बाई आणि ठोक्याने रान करणारा माणूस यांना कायद्याने दार उघडे आहे. व्यवहारात मात्र बऱ्याच ठिकाणी सभासद करून घेताना सातबारा मागतात. तशी अट कंपनीच्या नियमावलीत असेल तर ती दुरुस्त करून घ्यावी लागेल. नियमावलीत नसताना मागत असतील तर 'दाखवा कोठे लिहिले आहे' असे विचारावे लागेल. शक्य असेल तेथे दहा जणांनी आपली कंपनी किंवा गट उभा करावा, हा तिसरा मार्ग.

गटाचा उपयोग विक्रीत सर्वांत अधिक. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजाने मिळते, आणि भाव चढल्यावर विकता येते. ही योजना शेतकऱ्यासाठी आहे, व्यापाऱ्यासाठी नाही. सहा क्विंटलवाला एकटा भाड्याने टेम्पो करून गोदाम गाठू शकत नाही. दहा जणांचे साठ क्विंटल एकत्र झाले तर वाहतूक परवडते आणि आडतीवर बोलायला तोंड येते.

शेळीचा आराखडाही याच वहीत बसतो. उस्मानाबादी शेळी ही मराठवाड्याचीच जात. ती काटक आहे, जुळी देण्यात प्रसिद्ध आहे आणि तिला सातबारा लागत नाही. पण येथेही तोच इशारा द्यावा लागतो. शेळीच्या हिशेबात निवारा, लस, खुराक हे लिहितात. दिवसभर चारणाऱ्या म्हाताऱ्याचे किंवा शाळा बुडवणाऱ्या मुलीचे श्रम लिहीत नाहीत. आणि चारणार कोठे? गायरान. ते कमी होत चालले आहे. आता तर सौर ऊर्जेच्या प्रकल्पांनाही गायराने दिली जात आहेत. म्हणून गायरानाचा प्रश्न हा शेळीच्या आराखड्यातील पहिला रकाना आहे.

७

शेवटी जोखमीचा रकाना. पाऊस, कीड, भाव असे तीन शब्द त्यात असतात हे वर सांगितले. चौथा शब्द नसतो. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा मराठवाड्यातील खेड्यांत दलितांची घरे जाळली गेली आणि कित्येकांना गाव सोडावे लागले. पेटवणाऱ्यांनी कोणाच्या आराखड्याची वाट पाहिली नव्हती. गावाशी बिनसले की दुकानदार उधार देत नाही, ट्रॅक्टरवाला पेरणीला येत नाही, वाटेवरून बैलगाडी जाऊ देत नाहीत, विहिरीचे पाणी मिळत नाही. पेरणीच्या आठवड्यात ट्रॅक्टर चार दिवस न येणे म्हणजे हंगाम जाणे. ही जोखीम पिकविम्यात बसत नाही आणि ती घाबरून गप्प बसल्यानेही जात नाही. तिच्यावरचा उपायही आराखड्यातच लिहावा लागतो: गटाचे स्वतःचे पेरणीयंत्र, बियाण्याचा स्वतःचा साठा, रस्त्याची तहसिलीतून नोंद, गावाबाहेरच्या दुकानाशी व्यवहार. स्वाभिमानाला आर्थिक पाठबळ लागते, हे आपल्या चळवळीने फार पूर्वीच ओळखले आहे.

म्हणून जिंतुरात किंवा अन्यत्र अशी कार्यशाळा भरेल तेव्हा आपण जावे, वही घेऊन जावे आणि पाच प्रश्न विचारावेत. घरच्या माणसांचे श्रम या नफ्यातून वजा केले आहेत काय? बाईचा आणि पुरुषाचा रोज सारखा धरला आहे काय? हा आराखडा ठोकेदाराला आणि बटईदाराला लागू आहे काय, नसेल तर त्याचा वेगळा नमुना कोठे आहे? सभासद व्हायला सातबारा लागेल असे कोणत्या नियमात लिहिले आहे? आणि शेतीतून वर्षाचे जेवढे दिवस काम मिळत नाही, त्या दिवसांसाठी तुमच्याकडे काय आहे?

शिकवणारा प्रामाणिक असेल तर या प्रश्नांनी तो रागावणार नाही. उलट त्याच्या कागदात दोन रकाने वाढतील. आणि उत्तर मिळाले नाही तरी ते दोन रकाने आपण आपल्या वहीत घरी बसून आखू शकतो. चालू हंगामापासूनच आखावेत. एकात घरच्या पुरुषाचे दिवस, दुसऱ्यात घरच्या बाईचे दिवस. आणि दोहोंपुढे एकच दर.